सात नंबरची मशीन

लातुरात जिलानीला चहा पाजणं सोपं नव्हतं. टपरीवाल्याने कप पुढे केला की तो आधी आत वाकून बघायचा, मग दूध कुठलं ते विचारायचा, आणि उत्तर काहीही आलं तरी मान अशी हलवायचा की आपण खरंच काहीतरी लपवतोय की काय असं टपरीवाल्यालाच वाटावं. भाजीवाला, रिक्षावाला, लाइनमन, सगळ्यांना त्याची ही सवय ठाऊक होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. जिलानी ताकवाल्यालाही फुंकायला लावणारा गडी होता.

त्याचं तोंड पोळलं ते त्र्याण्णव साली. थोरली बहीण सुमय्या औशाच्या पुढे किल्लारीच्या बाजूला एका गावात दिलेली. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं आणि राहतं घर त्यांनी तयार विकत घेतलेलं होतं. जाडजूड दगडी भिंती, वर माळवदाचं सपाट छप्पर, आणि माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी अंथरलेली माती. मातीवर माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पाहुणे कौतुक करायचे. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली. जिलानी तेव्हा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. मिळेल त्या ट्रकवर चढून तो गेला आणि हातांनी माती उपसत राहिला. तेव्हा त्याने ती भिंत पोटातून बघितली. बाहेरच्या बाजूला दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी, आणि दोन्हींच्या मधे नुसता चिखल न् गोटे. दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवणारं काहीच नव्हतं. शेजारी पत्र्याच्या शेडात बांधलेली शेळी मात्र जिवंत होती.

जिलानी त्या दिवशी रडला नाही. त्याला राग आला. घर विकणाऱ्याचा आला, बांधणाऱ्याचा आला, आणि न तपासता घेणाऱ्या मेव्हण्याचा सगळ्यात जास्त आला. मेव्हणाही सुमय्याबरोबरच गेला होता, त्यामुळे तो राग बाहेर पडायला वाट मिळाली नाही. त्यातून जिलानीने दोन गोष्टी गाठीला बांधल्या. दुसऱ्याने बांधलेल्यात आपला जीव ठेवायचा नाही, आणि डोक्यावर गरजेपेक्षा एक पाटी जास्त वजन घ्यायचं नाही.

पुढे टीव्हीची कामं कमी झाली, कॉम्प्युटर आले, आणि जिलानी त्यांच्याकडे वळला. तिथेही तेच. कंपनीने भरून दिलेल्या मशीनमध्ये काय काय भरलंय ते कुणालाच सांगता येईना. एकदा नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या फुकटच्या प्रणालीचा कार्यक्रम होता, तिथे तो कुणाच्या तरी ओळखीने जाऊन मागच्या बाकावर बसला. एक पोरगेला मास्तर सांगत होता, लिनक्स तयार सीडीवरूनही टाकता येते; पण ज्याला हवं त्याने तिचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, घ्यावा, स्वतःच्या मशीनवर त्यातून एकेक भाग बांधून काढावा, नको ते वगळावं. जिलानीचे कान टवकारले. म्हणजे भिंत आतून बघायची सोय होती! भाषण संपल्यावर त्याने मास्तरला एकच प्रश्न विचारला, "तयार सीडी कोण बनवतं?" मास्तर म्हणाला, जगभरचे लोक, कुणीही. झालं. कुणीही म्हणजे जिलानीच्या हिशेबात घर विकणारा तो माणूस.

परत आल्यावर तो कामाला लागला. इंग्रजी बेताचं, पण हट्ट दांडगा. एकेक भाग बांधायला मशीन दिवसच्या दिवस घरघरत बसायची. मधेच लोडशेडिंग झालं की केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. कॅबिनेट चांगलं गरम व्हायचं. थंडीच्या दिवसांत वहिदा, त्याची बायको, विरजणाचं भांडं त्याच्या शेजारी आणून ठेवायची. दही झकास लागायचं. "एवढाच काय तो फायदा," ती म्हणायची. सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांवर नजर ठेवणारा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो बांधताना मशीन शेकडो प्रश्न विचारते. हे हवं का, ते हवं का. जिलानीचं उत्तर बहुतेक ठरलेलं असायचं, नको. "कशाला उगं वजन?" असं पुटपुटत तो पुढच्या प्रश्नावर जायचा.

असा माणूस खरं तर कुणाच्या उपयोगी पडायचा नाही. पण लातूर तोवर कोचिंगचं गाव झालं होतं, आणि कोचिंगच्या गावात संशयाला भाव असतो. जळकोटपासून भोकरपर्यंतची पोरं इथे खोल्या करून राहायची. गल्लीगल्लीत क्लास. आपली सराव परीक्षा शेजारच्या क्लासने चोरली, आपला पोरगा त्याने फोडला, आपला मास्तर याने पळवला, असं प्रत्येकाला वाटायचं आणि निम्म्या वेळा ते खरंही असायचं. गुरुपादप्पा सर फिजिक्स शिकवायचे. निलंग्याकडचे, रागावले की कन्नडवर जाणारे. पोरांना कॉम्प्युटरवर सराव द्यायची त्यांची कल्पना मोठी होती, पण बाजारातल्या वकारच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आणलेल्या मशिनींत पोरांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरले आणि पेपर बाहेर जातात की काय या धास्तीने सरांची झोप उडाली. तेव्हा जिलानी त्यांना म्हणाला, "सर, मी हातानं बांधून देतो. आत काय हाय ते माझ्याबिगर कुणालाच ठाव ऱ्हाणार न्हाई." सरांना हेच हवं होतं. त्यांनी त्याच मशिनी पुसून जिलानीच्या हवाली केल्या. बदल्यात जिलानीची मुलगी तूबा सरांच्या खास बॅचमध्ये बसली. बारावी सायन्स, डॉक्टर व्हायची स्वप्नं. त्या बॅचमध्ये मुलगा बसावा म्हणून लोक सरांच्या दारात उभे राहायचे. लॅब चालली तर तूबाची जागा राहील, हे दोघांच्यात न बोलता ठरलेलं होतं.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, मशिनी चालल्या. जिलानी छाती काढून फिरायचा. बाजारात वकार दिसला की मुद्दाम थांबायचा. "तुझं तयार माल हाय बाबा, आमचं हातचं." वकार हसून प्रिंटरला शाई भरायला निघून जायचा. सरांच्या क्लासचा प्रिंटर अजून त्याच्याकडेच होता, आणि जिलानीला तेही खुपायचं.

उन्हाळी बॅच सुरू झाली आणि मशिनी पडायला लागल्या. लॅब तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली. दुपारच्या लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालत, कूलर बंद. पोरं प्रश्न सोडवत असायची आणि पडदा काळा व्हायचा. आधी चार नंबरची, मग नऊ नंबरची, मग कुठलीही. सकाळी परत सगळ्या गुणी लेकरांसारख्या चालू. जिलानीने आधी इन्व्हर्टरवर संशय घेतला, मग वायरिंगवर, मग उंदरांवर. मग त्याच्या लक्षात आलं की वकार प्रिंटरची शाई भरायला दुपारीच येतो. एवढं लक्षात आल्यावर त्याला दुसरं काही शोधायची गरज वाटेना.

सुरवातीचे काही दिवस सोडले तर एकच मशीन कधी पडली नाही, सात नंबरची. तिच्यावर नेहमी तूबा बसायची. जिलानी सरांना, पालकांना, अगदी झाडायला येणाऱ्या पार्वतीबाईलाही ती दाखवायचा. "ही बघा. हातानं बांधलेली अशी ऱ्हाती. बाकीच्यात कुणीतरी हात घालून राहिलंय."

गुरुपादप्पा सरांचा धीर सुटत चालला होता. रविवारी मोठी सराव परीक्षा होती, गावोगावचे पालक येणार होते. सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "जिलानीभाई, रविवारी एक जरी मशीन पडली ना, सोमवारी वकारच्या मशिनी येतील. आणि तूबाचं मग आपल्याला बघावं लागेल." बघावं लागेल म्हणजे काय, ते जिलानीला समजलं. परीक्षा तोंडावर आलेली, आता दुसरा कुठला क्लास पोरीला घेणार होता?

त्या दिवशी पोरं गेल्यावर तो रिकाम्या लॅबमध्ये बसून राहिला. सात नंबरकडे बघता बघता त्याच्या डोक्यात नवीनच किडा वळवळला. वकारला सगळ्याच पाडायच्या असतील तर ही एकच का सोडली? संशय येऊ नये म्हणून! पण मग तीच का? तो उठून सातवर बसला. हुकूम लिहायचा काळा पडदा उघडून त्याने मशीनला तिचं नाव-गाव विचारलं. उत्तर आलं ते त्याच्या हातचं नव्हतं. कर्नल दुसराच होता, कुणी परक्याने बांधलेला. ज्या मशीनवरून तो गावभर टिमकी बडवत होता ती तयार सीडीची निघाली होती.

जिलानी तडक वकारच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकं होती, तरी त्याने आवाज चढवला. "माझ्या मशिनीत तुझा माल घुसडतूस व्हय रे? लाज न्हाई वाटत?"

वकारने हातातलं काम खाली ठेवलं. "जिलानीभाई, तुमच्या मशिनीला हात लावायला मी काय खुळा हाव? काय बिघडलं तर नाव माझंच. अन् मी घुसणार कसा? पासवर्ड कुणाला ठाव हाय?"

"कुणालाच न्हाई."

"मंग झालं तर," वकार म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

परतीच्या रस्त्यावर जिलानीची पावलं जड झाली. कुणालाच नाही, हे खरं नव्हतं. सकाळी लॅब उघडून मशिनी चालू करायचं काम तूबाचं होतं, पासवर्ड तिला ठाऊक होता. म्हणजे तिने वकारला दिला. का दिला? कधी भेटली ती त्याला? बापाच्या मनात येऊ नये ते त्याच्या मनात आलं, आणि घर येईपर्यंत त्याने ते मनातल्या मनात तिखटमीठ लावून पक्कं करून टाकलं.

वहिदा शेंगा फोडत बसली होती. तूबा पुस्तक घेऊन भिंतीशी. घरात एरवी दखनी उर्दू चालायची, पण तूबा मराठी शाळेतली, त्यामुळे अभ्यास आणि भांडण मराठीतच व्हायचं.

"सात नंबरमधी कुणी हात घातला?" त्याने दारातूनच विचारलं.

तूबाने पुस्तक मिटलं. तिने बहाणा केला नाही. "मी घातला, अब्बा."

"वकारनं सांगितलं?"

"वकारचाचाचं काय काम त्यात? कॉम्प्युटरच्या मासिकासोबत फुकट सीडी आलती. वर्गातल्या ऋतुजाच्या भावाची. ती टाकली मी."

"खोटं बोलू नको."

यावर वहिदाने हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या. "ओ, पोरगी डोळ्यात बघून बोलून राहिलीय. तुम्ही तिच्याकडंबी तसंच बघून राहिले, चहावाल्याकडं बघता तसं?"

तूबाचा आवाज आता चढला. "उन्हाळ्याच्या सुरवातीला माझी मशीन दर दुपारी पडायची. पेपर अर्धा ऱ्हायचा. सगळे माझ्याकडं बघायचे, हिच्याच बापाची मशीन म्हून. मला अभ्यास करायचा होता अब्बा, म्हून टाकली. परत एकदाबी पडली न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही ती काढून टाकली असती. अन् वर म्हणले असते, कुणी शिकवलं तुला?"

अगदी हेच तो म्हणाला असता. ते त्याला स्वतःलाच इतकं स्पष्ट ऐकू आलं की त्याने मान खाली घातली. पोरीबद्दल रस्ताभर जे मनात आणलं होतं त्याची त्याला आता शरम वाटली, आणि ती शरम त्याला कुणाला सांगताही येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं लॅबमध्ये गेली. मशिनी तशाच चालू ठेवल्या, कूलर बंद. तूबाला कारण माहीत नव्हतं, तिने ते शोधलंही नव्हतं. जिलानीने चार नंबरच्या कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. सातवर ठेवला, ती नुसती कोमट. सातचा पंखा जोरात फिरत होता, चारचा सुस्त. एकाच लॉटमधल्या मशिनी, पंखेही सारखेच. मग त्याला आठवलं. कर्नल बांधताना एक प्रश्न होता, आतली गरमी मोजून पंखा कमीजास्त करणारा भाग हवा का? तेव्हा पावसाळ्यातली गार हवा होती. तो हसून म्हणाला होता, मला काय मशीनचा ताप मोजायचाय, आणि नको म्हणून पुढे गेला होता. वजन कमी केलं होतं त्याने. माळवदावरची माती म्हणून जे उपसून फेकलं, ते जागता पहारा ठेवणारं होतं.

तो खुर्चीत बसला. की-बोर्ड पुढे ओढत म्हणाला, "कारण घावलं. आता तो भाग घालून परत बांधतो. रविवारपतूर होतंय."

"अब्बा, अजून काय काय नको म्हणलंत तुम्ही?"

"लई गोष्टी."

"त्यातल्या कुठल्या लागणार हायेत ते ठाव हाय?"

जिलानीने खरं उत्तर दिलं. "न्हाई."

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतेत," तूबा म्हणाली. "ती सीडी टाकून हजारो लोक ठेचकाळलेत. कुणाचा पंखा बंद पडला, कुणाचं अजून काय. त्यांनी बोंब मारली, बनवणाऱ्यांनी नीट केलं, मंग ती आपल्याकडं आली. तुमची लिनक्स तुम्ही एकट्यानं बांधली. तिच्यात ठेच लागायला दुसरं कुणीच न्हाई. आमीच ठेचकाळून राहिलोत, पेपर देता देता."

हे त्याला लागलं. इतकी वर्षं तो समजत होता की जे आपण बांधलं ते आपल्याला ठाऊक असतं. मशिनीच्या पोटातली प्रत्येक गोष्ट त्याने स्वतः बघितली होती, हे खरं होतं. जी तिथे नव्हती तिच्याकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं. रागावावं तर कुणावर? बांधणारा समोर नव्हता असं या वेळी म्हणता येत नव्हतं.

"टाक तुझी सीडी," तो म्हणाला. "सगळ्यात टाक."

आणि मग त्याने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. तो बाहेर जाऊन जिन्यावर बसला. तूबा एकेका मशीनवर सीडी चढवत होती, आणि आत जाऊन निदान एकदा बघावं, एखादी उघडून तपासावी, म्हणून त्याचे पाय शिवशिवत होते. दोनदा तो उठून दारापर्यंत गेलाही. पोरीने वळून बघितलं नाही. तो परत येऊन बसला.

रविवारी पालकांनी जिना भरून गेला. कुणी मुरुडचे, कुणी भोकरचे, कुणी पोराचा डबा सांभाळत उभे. ऊन तापलं, लाइट गेली, कूलर थांबले. गुरुपादप्पा सर जिलानीजवळ येऊन हळूच म्हणाले, "तपासल्यात ना सगळ्या?"

"न्हाई तपासल्या."

सरांना वाटलं चेष्टा आहे. ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत आत गेले. जिलानी दाराबाहेर उभा राहिला. आतून की-बोर्डचे आवाज येत होते, त्यातला एक जरी थांबला तरी तो दाराला कान लावायचा. घाम पुसायचंही त्याला सुचलं नाही. ती दुपार त्याला फार मोठी गेली.

घंटा झाली. पोरं बाहेर पडली, कुणी हसत, कुणी तोंड पाडून, पण सगळ्यांचं रडगाणं फिजिक्सचं होतं, मशीनचं एकाचंही नव्हतं. गुरुपादप्पा सर फुललेल्या चेहऱ्याने आले आणि दहा पालकांच्या देखत त्यांनी जिलानीच्या पाठीवर थाप मारली. "बघा, एकही पडली नाही! शेवटी हाताने बांधलेलं ते हाताने बांधलेलंच. यांनी सगळं स्वतः बांधलंय बरं का, आत काय आहे ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

तूबा त्यांच्या मागेच उभी होती. तिने बापाकडे बघून बारीक मान हलवली, गप्प राहा म्हणून. गप्प राहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. जागा राहिली असती, नाव राहिलं असतं, वकारचं तोंड बंद झालं असतं. पण मेव्हण्याला घर विकणारा माणूसही असाच गप्प राहिला असणार, असं जिलानीला वाटलं.

"सर," तो म्हणाला, "ती तयार सीडी हाय. मासिकासोबत फुकट आलती. माझ्या पोरीनं टाकली, मी बघितलीबी न्हाई."

सरांचा हात पाठीवरून खाली आला. पालक एकमेकांकडे बघायला लागले. "मग यात तुमचं काय आहे, जिलानीभाई?"

"माझं होतं ते काढलं, सर," जिलानी म्हणाला. "म्हून तर चाललं."

सर त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले, यात काही डाव आहे का ते शोधत. मग तूबाकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी नेहमीपेक्षा लवकर ये, लॅब उघड. मग तुझा पेपर बघू."